आधी आकडा विचारा, मग एमआरआय करा

घरातला मेडिकल रिपोर्ट आता कागदावर येत नाही. तो पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतो आणि घरात ज्याला इंग्रजी बऱ्यापैकी येतं त्याच्याकडे फॉरवर्ड होतो. म्हणजे तुमच्याकडे. नालासोपाऱ्याहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्क्रीन सरकवत, कितीतरी पोरंपोरी आपल्या आईबापांचे रिपोर्ट वाचत असतात. समजा, वडिलांच्या किडनी स्टोनसाठी सीटी स्कॅन काढलेला आहे. स्टोनबद्दल चार ओळी आहेत. आणि खाली, कुणीही न विचारलेली पाचवी ओळ आहे: डाव्या ॲड्रीनल ग्रंथीत १८ मिलिमीटरची गाठ, पुढील तपासणीसाठी एमआरआय करावा.

मग तुम्ही ते शब्द सर्च करता. पहिल्याच पानावर 'ट्यूमर' दिसतो. दादर येईपर्यंत मनात कॅन्सर पक्का झालेला असतो. संध्याकाळी घरी बैठक बसते, मामाला फोन जातो, आणि 'मोठी तपासणी' करायचीच असं ठरतं. भिशीतले पैसे मोडायचे की सोनं ठेवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

या लेखात मला एकच भांडण भांडायचं आहे. ते एमआरआयशी नाही, त्या पाचव्या ओळीतल्या क्रमाशी आहे. ॲड्रीनलच्या गाठीबाबत एमआरआय हा बहुतेक वेळा तिसरा प्रश्न असतो. आपल्याकडे पहिले दोन प्रश्न न विचारताच तिसऱ्याचे पैसे भरले जातात. त्यातल्या पहिल्याचं उत्तर तर तुम्ही आधीच विकत घेतलेलं असतं. ते त्या सीटी स्कॅनमध्येच पडलेलं असतं, फक्त कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

गाठ नेमकी कसली?

ॲड्रीनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. पण कारभार मोठा. ताणात शरीर सांभाळणारं कॉर्टिसॉल, मीठ-पाण्याचा आणि बीपीचा हिशेब ठेवणारं अल्डोस्टेरॉन, छातीत धडधड उठवणारं ॲड्रेनलिन, ही सगळी हार्मोन्स इथे तयार होतात.

या ग्रंथीत गाठ सापडणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. मोठ्या माणसांच्या पोटाचे शंभर सीटी स्कॅन पाहिले तर चार-पाच जणांत ती दिसते, आणि वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं. भलतंच काही शोधताना सापडते म्हणून डॉक्टर तिला 'इन्सिडेंटलोमा' म्हणतात. आपण अवचित सापडलेली गाठ म्हणू. यातल्या बहुसंख्य गाठी कॅन्सर नसतात. ॲड्रीनलचा स्वतःचा कॅन्सर दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दोघांना होतो. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे त्या हिशेबाने विरारपासून नायगावपर्यंतच्या अख्ख्या पट्ट्यात वर्षाला एक किंवा दोन माणसं. ज्याला आधी फुप्फुस, स्तन किंवा किडनीचा कॅन्सर झालेला आहे, त्याची गोष्ट वेगळी. तिथे कॅन्सर पसरून आलेला असू शकतो आणि घाई योग्यच असते. पण स्टोनच्या स्कॅनमध्ये सापडलेली १८ मिलिमीटरची गाठ म्हणजे मरणाचं समन्स नव्हे.

पहिला प्रश्न: आकडा किती?

सीटी स्कॅन हा नुसता फोटो नसतो. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. सीटी स्कॅनसाठी १९७९चं नोबेल ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळवणाऱ्या गॉडफ्रे हॉन्सफील्ड यांच्या नावाने तो मोजतात. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी साधारण उणे शंभर. ॲड्रीनल ग्रंथी आपली हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनवते. त्यामुळे तिच्या साध्या गाठींच्या, म्हणजे ॲडेनोमाच्या पेशींत बहुधा चरबी साठलेली असते. साहजिकच अशा गाठीचा आकडा खाली येतो.

युरोपातल्या एंडोक्रायनॉलॉजी तज्ज्ञांच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता काढलेल्या, म्हणजे प्लेन सीटीवर गाठ आतून एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती कॅन्सर नाही असं मानावं आणि तिच्यासाठी आणखी कुठलाही स्कॅन करू नये. एमआरआयसुद्धा नाही.

आता पाहा. स्टोनसाठी काढतात तो सीटी बहुधा प्लेनच असतो. आकडा मोजायला रेडिओलॉजिस्टला काय लागतं? स्क्रीनवर गाठीवर एक गोल काढायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. तरीही रिपोर्टांमध्ये गाठीची लांबी-रुंदी दशांशापर्यंत दिलेली असते आणि हा एक आकडा गायब असतो. किराणा दुकानदाराने पिशवीचा रंग सांगावा आणि वजन सांगू नये, तसा हा प्रकार आहे.

सीटी फक्त कॉन्ट्रास्ट देऊन काढला असेल तर हा नियम लागू होत नाही, हे खरं. पण तेव्हाही बऱ्याचदा ॲड्रीनलपुरता प्लेन सीटी पुरतो.

एमआरआय काय पाहतो?

एमआरआयला नावं ठेवण्याआधी त्याचं कसब समजून घेऊ, कारण ते खरंच सुंदर आहे. एकाच फांदीला दोन झोके बांधलेत अशी कल्पना करा. एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त. एका क्षणी दोन्ही एकाच दिशेला जातात, थोड्या वेळाने एकमेकांच्या विरुद्ध. चुंबकाच्या आत पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे कण असेच डोलतात. दवाखान्यांत नेहमी दिसणाऱ्या दीड टेस्लाच्या यंत्रात त्यांच्या वेगात सेकंदाला साधारण २२० फेऱ्यांचा फरक असतो. म्हणून दर काही मिलिसेकंदांनी ते एकमेकांच्या बरोबर उलट येतात. त्या क्षणी फोटो काढला तर पाण्याचा आणि चरबीचा सिग्नल एकमेकांना खोडतो. ज्या पेशींत दोन्ही मिसळलेले असतात, तो भाग काळवंडतो.

१९८४ साली डिक्सन नावाच्या संशोधकाने पाणी आणि चरबी वेगळी ओळखण्याची ही युक्ती मांडली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती ॲड्रीनलच्या गाठींसाठी वापरात आली. तिला केमिकल शिफ्ट इमेजिंग म्हणतात. गाठ एका फोटोत उजळ आणि दुसऱ्यात काळवंडलेली दिसली, म्हणजे तिच्यात चरबी आहे. म्हणजे बहुधा ॲडेनोमा. या फोटोंना वीसेक सेकंद श्वास रोखावा लागतो. या एका उत्तरासाठी गॅडोलिनियमचं इंजेक्शन लागत नाही. क्ष-किरण नसल्याने गरोदर बाईला आणि लहान मुलांना हीच तपासणी योग्य. आणि सीटीवर आकडा १०च्या थोडा वर, ११ ते २०च्या घरात अडकला असेल, तर तिथे एमआरआय खरोखर उपयोगी पडतो.

पण नीट पाहा, त्याने विचारलेला प्रश्न कोणता? 'चरबी आहे का?' एवढाच. म्हणजे सीटीच्या आकड्याने विचारलेलाच प्रश्न, वेगळ्या भाषेत. सीटीने 'आहे' असं ठणकावून सांगितल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायला हजारो रुपये भरणं याला तपासणी म्हणत नाहीत, उजळणी म्हणतात.

शिवाय हे यंत्र फसतंही. साधारण तीस टक्के ॲडेनोमांत चरबी कमी असते. त्यातले बरेच काळवंडत नाहीत आणि उगाच संशयित ठरतात. उलट यकृताचा आणि किडनीचा काही प्रकारचा कॅन्सर ॲड्रीनलमध्ये पसरला तर त्यात चरबी असू शकते, आणि तो काळवंडून साळसूद दिसतो. फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ एमआरआयवर दिव्यासारखी चमकते, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच चमकत नाहीत आणि दुसऱ्याच काही गाठी चमकतात.

दुसरा प्रश्न: गाठ काय करते?

आता माझ्या भांडणाचा गाभा. समजा एमआरआय झाला, गाठ काळवंडली, रिपोर्ट आला: सौम्य ॲडेनोमा. घरात पेढे वाटले जातात. फाइल कपाटात जाते. इथेच घात होतो.

'सौम्य' हा आपल्या भाषेतला फार गोड शब्द आहे. सौम्य माणूस, सौम्य स्वभाव, सौम्य साबण. पण डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ 'कॅन्सर नाही' एवढाच. 'निरुपद्रवी' असा नाही. ॲड्रीनलची गाठ कॅन्सर नसतानाही माणसाला वर्षानुवर्षं पोखरू शकते, कारण ती हार्मोन तयार करू शकते. आणि हार्मोन कुठल्याही स्कॅनच्या फोटोत उमटत नाही.

१९५५ साली जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरने अल्डोस्टेरॉन ओतणाऱ्या गाठीचं वर्णन केलं. ही गाठ कापली तर आतून पिवळीधमक निघते, चरबीने भरलेली. म्हणजे एमआरआयच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास! आणि तीच गाठ बीपी वर चढवत ठेवते, पोटॅशियम खाली आणते, हृदयावर आणि किडनीवर घाव घालते. बीपीच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना अल्डोस्टेरॉनचा हा आजार असतो, मग गाठ दिसो वा न दिसो. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी न उतरणारे काका तुमच्याही घरात असतील. त्यांना जास्त गरज अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या रक्ततपासणीची आहे.

कॉर्टिसॉलची गोष्ट तशीच. थोडंथोडं जास्तीचं कॉर्टिसॉल सोडणारी गाठ साखर वाढवते, हाडं ठिसूळ करते, बीपी वाढवते. ती पकडायची तपासणी किती सोपी? रात्री अकरा वाजता एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, कोविडमध्ये घरोघरी पोचलेलं तेच औषध. सकाळी आठ-नऊला रक्त देऊन कॉर्टिसॉल मोजायचं. निरोगी ग्रंथी गोळीचं ऐकून गप्प बसते आणि आकडा १.८ मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही. गाठ ऐकत नाही. ॲड्रीनलची गाठ सापडलेल्या जवळपास प्रत्येकाची ही तपासणी व्हावी, असं तज्ज्ञ सांगतात. नालासोपाऱ्यातल्या कुठल्याही गल्लीतलं रक्त गोळा करणारं सेंटर हे काम करू शकतं. त्यासाठी टेस्लाचं चुंबक लागत नाही.

फिओक्रोमोसायटोमा अचानक ॲड्रेनलिनच्या जातीची हार्मोन्स सोडते. घाम, धडधड, डोकेदुखी, भडकलेलं बीपी. कितीतरी जणांना 'पॅनिक अटॅक' म्हणून परत पाठवलं जातं. तिची तपासणी मेटानेफ्रिन नावाची, आणि ती महाग आहे. पण इथेही पहिला आकडा कामी येतो. प्लेन सीटीवर १० किंवा कमी आकडा असेल तर ही तपासणी लागत नाही. जास्त असेल तर मात्र ती झाल्याशिवाय त्या गाठीला सुई टोचायची नाही आणि चाकू लावायचा नाही. टेबलावर बीपी फुटून माणूस जाऊ शकतो. म्हणूनच ऑपरेशनआधी आठवडा-दोन आठवडे विशिष्ट औषधं देऊन तयारी करतात.

आपल्याकडचा तिसरा पाहुणा

परदेशी सूचना जशाच्या तशा उचलल्या की एक गोष्ट निसटते: क्षय. १८५५ साली लंडनमध्ये थॉमस ॲडिसन यांनी ॲड्रीनल निकामी होण्याचा आजार लिहून ठेवला, तेव्हा त्यांच्या रुग्णांतल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या. श्रीमंत देशांतून ते चित्र जवळपास पुसलं गेलं. भारतात नाही. एका खोलीत पाच-सहा जण झोपतात, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत लागते, अशा वस्तीत राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

दोन्ही बाजूंच्या ॲड्रीनल फुगलेल्या दिसल्या, माणूस वाळत चाललाय, त्वचा काळवंडतेय, उलट्या होतायत, सतत थकवा आहे, तर प्रश्न उलटा करावा लागतो. हार्मोन जास्त होतंय का, हा नव्हे. कमी पडतंय का? सकाळी आठचं साधं कॉर्टिसॉल इथे जीव वाचवू शकतं. या माणसाला आधी एमआरआयच्या रांगेत उभं करणं हा नुसता खर्च नाही, धोका आहे.

'करून घेतला तर बिघडलं काय?'

यावर नेहमीचं उत्तर असतं: एमआरआयमध्ये रेडिएशन नाही, झाला तर झाला, निदान मनाची शांती. शांती कसली? चुकीचं 'सौम्य' हातात आलं की हार्मोनच्या तपासण्या राहून जातात. चुकीचं 'संशयित' आलं की पुढचा स्कॅन, पुढचं कन्सल्टिंग, कधी नको असलेली बायॉप्सी. आणि पैसे एकाच खिशातून जातात. एमआरआयला भरलेले पैसे मेटानेफ्रिनसाठी परत येत नाहीत.

डॉक्टरांचीही बाजू आहे. रेडिओलॉजिस्टच्या हातात येणाऱ्या चिठ्ठीवर 'पोटात दुखतं' एवढंच लिहिलेलं असतं. उद्या काही निघालं तर ग्राहक मंचात खेचतील ही भीती असते. 'पुढील तपासणी करावी' हे वाक्य म्हणजे त्याची छत्री आहे. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरला दिवसाला ढिगाने पेशंट. तो एंडोक्रायनॉलॉजीची सूचनापत्रं कधी वाचणार? हे मान्य. पण छत्री त्याची आणि भिजायचं आपण, हा सौदा मान्य नाही.

आणि कमिशनचं काय? २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंट पाठवल्याबद्दल कट घेणं किंवा देणं गैर आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी २०१६च्या 'डिसेंटिंग डायग्नोसिस' या पुस्तकात डॉक्टरांच्याच तोंडून या धंद्याचा पंचनामा मांडला. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याच्या मसुद्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या नेतृत्वाखाली समितीही नेमली. मसुदा झाला, कायद्याची वाट आपण अजून पाहतोय. सगळे डॉक्टर कट घेतात असं मी म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेत मोठ्या यंत्राकडे पाठवण्यात कुणाचा तरी फायदा असू शकतो आणि अर्ध्या मिनिटात आकडा मोजण्यात कुणाचाच नाही, तिथे आकडाच गायब होतो, यात आश्चर्य कसलं?

सरकारी योजनाही हाच क्रम पक्का करतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा गाभा आहे रुग्णालयात दाखल करून केलेले उपचार. म्हणजे गाठ काढायला कार्ड चालेल. पण ती काढायची गरज आहे का, हे ठरवणाऱ्या ओपीडीतल्या तपासण्या बहुधा आपल्याच खिशातून. कापणं फुकट, विचार करणं महाग!

सोपाऱ्याचा अभिमान आपण फॉरवर्ड करत असतो. १८८२ साली इथे बुरूड राजाच्या कोटात स्तूप सापडला, त्याच सुमाराला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या शिलालेखात अशोकाने माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांची सोय केल्याचं सांगितलंय. दोन हजारांवर वर्षांपूर्वीच्या राजाला जे दगडावर कोरण्याइतकं महत्त्वाचं वाटलं, ते आज आपण एजंटच्या व्हिजिटिंग कार्डावर सोडून दिलंय.

मग करायचं काय?

गाठ खरंच गुंतागुंतीची असेल, म्हणजे चार सेंटिमीटरहून मोठी, आतून विस्कळीत, आकडा २०च्या वर किंवा हार्मोन सोडणारी, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जायलाच हवं. परळचं केईएम १९२६पासून उभं आहे, आणि ॲड्रीनलच्या आजारांचा मोठा अनुभव असलेला एंडोक्रायनॉलॉजी विभाग तिथे आहे. पण नालासोपाऱ्याच्या माणसाला तिथली एक खेप म्हणजे एक खाडा. पहाटेची लोकल, केसपेपरची रांग, परतीची गर्दी. क्रम चुकला की एका खेपेच्या तीन होतात. रोजंदारीवरच्या माणसाचे तीन खाडे म्हणजे घरातला आठवड्याचा बाजार.

म्हणून मागणी साधी आहे. वसई-विरारमधल्या प्रत्येक स्कॅन सेंटरने ॲड्रीनलच्या गाठीच्या रिपोर्टात हॉन्सफील्डचा आकडा लिहावा, आणि सीटी प्लेन होता की कॉन्ट्रास्ट तेही लिहावं. एमआरआय सुचवायचाच तर कोणत्या प्रश्नासाठी, ते एका ओळीत सांगावं. महापालिकेने आपल्या दवाखान्यांत डेक्सामेथासोनची तपासणी आणि सकाळचं कॉर्टिसॉल उपलब्ध करावं. यात कोट्यवधींचं एकही यंत्र नाही, त्यामुळे उद्घाटनाची फीत कापायला मिळणार नाही, एवढीच काय ती अडचण.

आणि तुम्ही? तुम्ही घरचे रिपोर्ट वाचणारे आहात, तेव्हा हे काम तुमच्यावरच येणार. सर्च करण्याआधी स्कॅनची सीडी मागून घ्या. नुसती फिल्म पुरत नाही. तुमच्या उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे त्याच २००२च्या आचारसंहितेत लिहिलंय. मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, नम्रपणे पण उत्तर मिळेपर्यंत. प्लेन सीटीवर आकडा किती आहे? गाठ हार्मोन सोडते का, हे तपासायचं कधी? आणि हे दोन्ही कळल्यावर एमआरआयने आणखी काय कळणार आहे?

तिसऱ्याचं उत्तर नीट मिळालं तर बिनधास्त एमआरआय करा, पैसे सत्कारणी लागतील. नाही मिळालं तर सीडी पिशवीत घाला आणि जो उत्तर देईल अशा डॉक्टरकडे जा.